बहुतेक डावा

लिहायचं लिओमिन्स्टर, म्हणायचं लेमस्टर.
हे कळायला मला दोन वर्षं लागली,
आणि या गाडीचं वायरिंग कळायला अख्खा हिवाळा.

नऊशे पौंडांत घेतली, ट्रेलरवर घालून आणली.
दोन माणसांची, बिनछपराची,
फायबरग्लासचं अंग, सिएराचं इंजिन,
मागचा अ‍ॅक्सल कुठल्याशा एस्कॉर्टचा,
दिवे म्हणे ट्रॅक्टरचे.
बारा गावचं पाणी प्यालेली.
हौसेनं घडाभर तेल ओतलं,
ते नमनालाच गॅरेजच्या फरशीवर.

विल्फ प्रॉसरनी ती चौदा वर्षं बांधली.
पुरी झाली नाही, विल्फच आधी संपले.
किल्ली देताना ग्वेनबाई एवढंच म्हणाल्या,
"रविवारी ते तिकडे असायचे."
जसं कुणी म्हणावं, दुसऱ्या घरी.

दिवसभर मी लॅबमध्ये दातांचे साचे ओतते,
परक्या जबड्यांची मापं मला पाठ.
संध्याकाळी तीच बोटं बोनेटच्या तड्यांवर.
रेझिन, पॉलिश पेपर, पाणी, पुन्हा पेपर.
नखाला काही लागेनासं झालं की थांबायचं.
दाताचंही हेच.

डॅशच्या मागे हात घातला, तर चिकटपट्ट्या,
वायरीवायरीला पेन्सिलीनं लिहिलेल्या:
हॉर्न.
पंखा.
पेट्रोलचा काटा, खोटारडा.
बहुतेक डावा.
आणि एका हिरव्या वायरवर नुसतं
ग्वेनला विचारणे.
ती वायर कुठेच जात नव्हती.
दोनदा कापायला घेतली, दोनदा पक्कड खाली ठेवली.

बाकी जुनं मात्र काढत गेले.
पॉइंट्स गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं,
पुढे नव्या डिस्क, पाच गिअरची पेटी,
सीटखाली उंदराचं घर निघालं, तेही.
श्रीरंग चहा घेऊन यायचा, दारातच उभा राहायचा.
"एवढ्यात एक नवी आली असती."
तिसऱ्यांदा हे म्हणाला
तेव्हा टॉर्च त्याच्याच हातात होता.

मार्चमध्ये क्लचची केबल शोधायला खाली शिरले.
केबलच नव्हती.
पेडलमागे नुसती एक स्प्रिंग,
दाबलं की परत यायचं, इतकंच.
आणि भोवतालचा एकेक नट मापात आवळलेला,
वर पिवळ्या रंगाचा ठिपका.
कुठे जायची घाई नव्हती
की कुठे जायचंच नव्हतं,
हे नटावरून सांगता येत नाही.
पाठ गारठेपर्यंत तशीच पडून राहिले.

मेमधला पहिला कोरडा रविवार.
तपासणीचा कागद खिशात, सफरचंदाच्या बागा बहरात,
ब्रॉमयार्डच्या रस्त्यावर दातात एक माशी,
पुढे गवताचे भारे नेणारा ट्रॅक्टर,
मागे आम्ही, वीसच्या वेगात, राजेशाही.
चढाला ट्रॅक्टर वळला आणि मी पाय दाबला.
श्रीरंगची टोपी कुंपणापलीकडे गेली.
तो थांब म्हणाला नाही.

ग्वेनबाई सपाता घालूनच बाहेर आल्या.
"केवढा आवाज करते," म्हणाल्या,
आणि बोनेटवर हात ठेवला,
तापलेलं होतं तरी काढला नाही.
बसा म्हटलं, तर नको.
मग मी हिरव्या वायरचं विचारलं.
बराच वेळ त्या फाटकाकडे बघत होत्या.
"हीटर असेल.
माझे पाय गार पडतात ना."
मग म्हणाल्या, "विचारलं नाही कधी त्यांनी."

घरी येऊन यादीत लिहिलं:
हीटर, जुना चालेल. आधी तेलाची गळती.
चिकटपट्ट्या सगळ्या सोलून टाकल्या होत्या,
एक तेवढी अजून आहे.
तो डावाच निघाला.